पदकावरचं ‘पर्शिया’ आणि दोन महिन्यांचा अबोला

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून)

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. गेली अकरा वर्षं मस्कतला नोकरी करतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी इराणमधल्या बुशेहरचा आहे. सहा वर्षं आम्ही रोज दुपारी डबा एकत्र खातो. त्याच्या घरचं चिंच-मेथी घातलेलं माशाचं कालवण आणि माझ्या घरची थालीपीठं. दोन महिन्यांपूर्वी तो सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आला. हॉलमध्ये माझ्या वडिलांच्या खापरपणजोबांचं चांदीचं पदक चौकटीत लावलेलं आहे. ते मुंबईच्या पलटणीत होते, एवढंच आम्हाला माहीत आहे. मी कौतुकाने पदक दाखवायला गेलो. त्याने पट्टीवरचं ‘पर्शिया’ (इराणचं जुनं नाव) वाचलं आणि एकदम गप्प झाला. जेवण कसंबसं उरकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “इंग्रजांनी आमच्याशी केलेला एकही तह पाळला नाही. आणि त्यांचे हात तुम्ही होता.” मलाही राग आला. “सह्या तर तुमच्याच शहांनी केल्या ना?” असं बोलून गेलो. तेव्हापासून डबा वेगवेगळा. वडील म्हणतात, पदक काढायचं नाही आणि माफीही मागायची नाही, ते पोटासाठी गेले होते. बायको म्हणते, पदक कपाटात ठेव आणि विषय संपव. अकरा वर्षांची मुलगी विचारते, “बाबा, आपण वाईट बाजूला होतो का?” मी माफी मागू का?

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रश्न माफीचा वाटला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमचं भांडण दोन वाक्यांवर अडलंय. ‘एकही तह पाळला नाही’ हे त्याचं आणि ‘सह्या तुमच्याच शहांनी केल्या’ हे तुमचं. दोघांनीही ती रागाच्या भरात, लहानपणापासून कानावर पडलेल्या गोष्टींच्या जोरावर उच्चारली. ती वाक्यं आधी तपासू, मग माफीचं बोलू.

पण सगळ्यात आधी ते पदक चौकटीतून काढून हातात घ्या. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचं मुखचित्र असेल, दुसऱ्या बाजूला बसलेल्या योद्ध्याच्या डोक्यावर विजयमुकुट ठेवणारी पंखवाली देवता. फीत टिकली असेल तर लाल, तिच्यात दोन निळे पट्टे. हे पदक खास इराणच्या लढाईसाठी पाडलेलं नाही. १८५४ पासून हिंदुस्थानच्या फौजेला आसपासच्या मोहिमांसाठी हे एकच पदक देत, बदलायची ती फक्त वरची पट्टी. ब्रह्मदेशात गेलेल्याच्या पट्टीवर ‘पेगू’, इराणात गेलेल्याच्या पट्टीवर ‘पर्शिया’. आणि पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत पुष्कळदा शिपायाचं नाव आणि पलटणीचा नंबर ठोकलेला असतो. तुमच्या पत्रात तो नंबर नाही. घरात इतक्या पिढ्या पट्टी वाचली गेली, कड वाचायची राहिली.

आता त्याचं वाक्य. ते आधी घेते, कारण त्यात तथ्य पुष्कळ आहे आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं.

सुरुवात तुमच्याच दोन गावांपासून होते. डिसेंबर १७९९ मध्ये जॉन माल्कम नावाचा तीस वर्षांचा कॅप्टन गव्हर्नर जनरल वेलस्लीचा वकील म्हणून मुंबईहून जहाजात बसला. जानेवारीत मस्कतला थांबून त्याने तिथल्या सुलतानाशी करार केला आणि मग बुशेहरला उतरला. तुम्ही सातारकडचे, तुम्हाला हा माणूस परका नाही. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला सालीना आठ लाखांचा तनखा कबूल करून शरण आणणारा हाच, आणि पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर महाबळेश्वरची बाजारपेठ माल्कमपेठ झाली ती याच्याच नावाने.

जानेवारी १८०१ मध्ये माल्कमने इराणच्या फतहअली शहाच्या दरबाराशी तह केला. कंपनीला हवं होतं ते सरळ होतं. अफगाणांचा झमानशहा लाहोरपर्यंत उतरत होता, त्याला इराणने मागून दाबावं, आणि फ्रेंचांना आपल्या किनाऱ्यावर ठाण मांडू देऊ नये. पण त्याच वर्षी झमानशहाची गादी गेली, फ्रेंच इजिप्तमधून निघून गेले आणि कंपनीला त्या तहाचं अगत्य उरलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. १८०४ पासून रशिया काकेशसकडचा इराणी मुलूख तोडू लागला तेव्हा शहाने इंग्रजांकडे मदत मागितली. पण तहात रशियाचा उल्लेखच नव्हता, आणि नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना रशिया हवा होता. शहा मग नेपोलियनकडे गेला आणि मे १८०७ मध्ये फ्रान्सशी तह करून बसला. दोन महिन्यांत नेपोलियननेच रशियाशी दोस्ती केली, ती गोष्ट वेगळी. पण फ्रेंच अधिकारी तेहरानला पोचलेले पाहून लंडन आणि कलकत्ता दोन्हीकडून वेगवेगळे वकील धावले, आणि मार्च १८०९ मध्ये लंडनच्या हार्फर्ड जोन्सने नवा तह पदरात पाडून घेतला.

या पहिल्या तहाला मुंबईत एक दुःखद जोड आहे. तुमच्या मित्राला ती कदाचित माहीत नसेल. तह पक्का करायला शहाचा वकील हाजी खलील खान १८०२ मध्ये मुंबईत आला. जुलै महिन्यात त्याची इराणी माणसं आणि त्याच्या पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई यांच्यात बाचाबाची झाली, हत्यारं निघाली आणि मध्ये पडायला गेलेला खान गोळी लागून ठार झाला. कंपनी हादरली. माफीची पत्रं गेली, घरच्यांना तनखे बांधून दिले. दोन राज्यांमधला कागद नीट वाळलाही नव्हता आणि त्यापायी पहिला जीव गेला तो आपल्या मुंबईत.

यापुढचा तह मात्र मी तुम्हाला कलमांसह सांगणार आहे, कारण तुमच्या मित्राच्या मनातला सल बहुधा इथला आहे.

२५ नोव्हेंबर १८१४ रोजी तेहरानला पक्का तह झाला. चौथ्या कलमात इंग्रजांनी कबूल केलं की कोणी युरोपियन सत्ता इराणवर चालून आली तर हिंदुस्थानातून फौज पाठवू, नाहीतर दरवर्षी दोन लाख तुमान (इराणी नाणं) देऊ. अट एकच होती, लढाईची कुरापत इराणने काढलेली नसावी. तिसऱ्या कलमात कुरापत म्हणजे काय तेही लिहून ठेवलं होतं: दुसऱ्याच्या मुलखावर हल्ला. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण इराण आणि रशियाची हद्द नेमकी कुठून जाते याचाच तंटा होता. १८२५ मध्ये रशियाने गोकचा सरोवराजवळची वादातली जमीन बळकावली. १८२६ च्या उन्हाळ्यात इराणी फौज हद्द ओलांडून पुढे गेली. शहाने तह पुढे करून पैसे मागितले, तेव्हा इंग्रजांनी त्या व्याख्येवर बोट ठेवलं. हल्ला तुम्ही केलात, आमचं देणं लागत नाही. काखा वर केल्या.

इराण ती लढाई हरला. फेब्रुवारी १८२८ मध्ये तुर्कमानचायचा तह झाला. अरस नदीच्या उत्तरेचा मुलूख कायमचा गेला आणि वर दहा कुरूर तुमानांची खंडणी बसली. हा कुरूर म्हणजे आपल्या करोडाचाच भाऊ, पण इराणात त्याची किंमत पाच लाख. तेव्हा एकूण पन्नास लाख तुमान. पैसे भरल्याशिवाय रशियन फौज ताब्रीझच्या बाजूने हलणार नव्हती आणि युवराज अब्बास मिर्झा जमेल तिथून पैसे उभे करत होता. नेमकं तेव्हा इंग्रज वकील जॉन मॅकडोनल्डने त्याला सांगितलं की आम्ही दोन लाख तुमान देतो, बदल्यात तिसरं आणि चौथं कलम रद्द करा. युवराजाने ते केलं. आकडे शेजारी ठेवून बघा. तहाप्रमाणे एका वर्षाचे जेवढे द्यायचे होते, तेवढ्याच रकमेत इंग्रजांनी कायमची जबाबदारी विकत घेऊन मिटवली. तह मोडला असं कागदोपत्री कुणी म्हणू शकत नाही, सगळं दोन्ही पक्षांच्या संमतीने झालं. पण तुमच्या मित्राला जे वाटतं ते या व्यवहाराकडे बघून कुणालाही वाटेल. मला वाटतं.

आणखी एक कलम त्याच तहात होतं, नववं. अफगाण आणि इराणी यांच्यात लढाई झाली तर इंग्रज मध्ये पडणार नाहीत, दोघांनी बोलावलं तरच मध्यस्थी करतील. १८३७ च्या अखेरीस इराणच्या मोहम्मद शहाने अफगाणांच्या ताब्यातल्या हेरात शहराला वेढा घातला. हेरातमागून रशिया हिंदुस्थानच्या वाटेवर येईल या भीतीने इंग्रजांनी जून १८३८ मध्ये मुंबईहून आरमार पाठवून बुशेहरसमोरचं खार्ग बेट घेतलं. सप्टेंबरमध्ये शहाला वेढा उठवावा लागला. इथे कलम आणि कृती यांत उघड अंतर पडलं. म्हणजे मित्राच्या वाक्यातला ‘एकही’ हा शब्द सोडला, तर १८०१ ते १८४० या काळाबद्दल त्याच्याशी वाद घालायला तुमच्याकडे फारसं काही नाही.

पण आता तुमच्या पूर्वजाची लढाई. तिथे चित्र इतकं एकरंगी राहत नाही, आणि हे त्यानेही ऐकायला हवं.

जानेवारी १८५३ मध्ये इराणच्या वजिराने लिहून दिलं होतं की बाहेरून कोणी हेरातवर चालून आल्याशिवाय आम्ही तिथे फौज पाठवणार नाही. ऑक्टोबर १८५६ मध्ये इराणने हेरात घेतलं. १ नोव्हेंबरला हिंदुस्थान सरकारने युद्ध पुकारलं आणि मुंबईची फौज जहाजांवर चढली. या फौजेत कोकणातले आणि देशावरचे, मराठे आणि महार, उत्तरेकडचे, बलुची, सगळे होते. ९ डिसेंबरला बुशेहरच्या दक्षिणेला रेशहरच्या पडक्या कोटावर लढाई झाली. आत बुशेहरजवळच्या तंगिस्तानचे लढवय्ये होते आणि ते शेवटपर्यंत हटले नाहीत, इंग्रजांचा ब्रिगेडियर स्टॉपफर्ड तिथे पडला. कोटाच्या कठड्यावर आधी चढली ती मुंबईच्या विसाव्या पलटणीची ग्रेनेडियर कंपनी. तिचा कॅप्टन वुड याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या मागोमाग चढलेल्या हिंदी शिपायांना तो मिळण्याची सोयच नव्हती, कारण १९११ पर्यंत ते सन्मानपदक हिंदी सैनिकांना देतच नसत. दुसऱ्या दिवशी बुशेहर शरण आलं. ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबला मोठी चकमक झाली. पूना हॉर्सने तिथे एक इराणी निशाण घेतलं, आणि त्यावरचा चांदीचा हात ही रेजिमेंट आपल्या ध्वजावर आजही मिरवते. तुमच्या भिंतीवर जे आहे ते फक्त तुमच्या भिंतीवर नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आणि २६ मार्चला, आज ज्याला खुर्रमशहर म्हणतात त्या मोहम्मेरावर तोफा डागून ते गाव घेतलं.

ही तारीख लक्षात ठेवा. कारण ४ मार्च १८५७ ला पॅरिसमध्ये तहावर सह्या होऊन गेल्या होत्या. इंग्रजांतर्फे लॉर्ड काउली, इराणतर्फे फर्रुख खान. बातमी कारून नदीच्या मुखापर्यंत पोचायला एप्रिल उजाडला. मोहम्मेराला दोन्ही बाजूंची जी माणसं पडली, ती तह होऊन बावीस दिवस झाल्यावर पडली. तुमचे पूर्वज त्या दिवशी तिथे होते का, हे पदकाची कड आणि पलटणीचे कागद सांगतील. पण असले, तर ते एका संपलेल्या लढाईत लढत होते, आणि समोरचा इराणी तोफचीही तसाच. पॅरिसच्या त्या टेबलाभोवती ना साताऱ्याचं कुणी होतं ना तंगिस्तानचं.

पॅरिसच्या तहात काय होतं तेही सांगते. शहाने हेरात सोडावं, अफगाण मुलखावरचा हक्क सोडावा, पुढे अफगाणांशी तंटा झाला तर हत्यार उचलण्याआधी इंग्रजांना मध्ये घालावं. इंग्रजांनी इराणच्या जमिनीवरून फौज काढून घ्यावी. खंडणी नाही, इराणचा एक गावही घेतलेला नाही. तुर्कमानचायच्या शेजारी ठेवलं तर हा तह सौम्य होता. फर्रुख खान कच्च्या गुरूचा चेला नव्हता. याच प्रवासात त्याने इस्तंबूलला थांबून अमेरिकेशीही इराणचा तह केला होता. इंग्रजांनी फौज काढून घेतली. त्या फौजेतल्या काही गोऱ्या पलटणी कलकत्त्याकडे वळल्या, कारण तोवर मीरतला उठाव झाला होता. इराणहून परतलेले सेनापती आउट्रम आणि हॅवलॉक लखनौच्या लढाईत होते. तेव्हा ‘एकही तह पाळला नाही’ हे वाक्य १८५७ च्या तहाला लावता येत नाही.

आता तुमचं वाक्य. ‘सह्या तुमच्याच शहांनी केल्या.’

३१ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्गला इंग्लंड आणि रशियाने इराणचे तीन पट्टे पाडले. उत्तर रशियाच्या वर्चस्वाखाली, आग्नेय इंग्रजांच्या, मधला मोकळा. त्या कागदावर एकाही इराण्याची सही नाही. त्यांना विचारलंच नव्हतं, झाल्यावर कळवलं. इराणला संसद मिळून तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. बुशेहर मधल्या मोकळ्या पट्ट्यात होतं. ऑगस्ट १९१५ मध्ये, इराण महायुद्धात तटस्थ असताना, इंग्रजांनी ते व्यापलं. त्यासाठी आलेल्या फौजेत पुन्हा हिंदी शिपाई होते. पोस्टाच्या इराणी तिकिटांवर ‘ब्रिटिश ताब्यातलं बुशेहर’ असा छाप मारला गेला. तंगिस्तानचा रईस अली दिलवारी या फौजेशी लढताना मारला गेला आणि बुशेहरकडे त्याचं नाव आजही घराघरांत घेतात. तुमचा मित्र ‘पर्शिया’ वाचून गप्प झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर १८५६ होतं की १९१५, हे तुम्ही विचारलंत का? माझा अंदाज १९१५ चा आहे.

९ ऑगस्ट १९१९ च्या कराराला इराणी लोक ‘करारदाद’ म्हणतात. आपला करार हा शब्द त्याच घरातला. त्यावर सही होती, पण शहाची नव्हे, पंतप्रधान वुसूकुद्दौलाची. समोर इंग्रज वकील पर्सी कॉक्स आणि लंडनला परराष्ट्रखात्यात आपले जुने व्हाइसरॉय कर्झन. वीस लाख पौंडांचं कर्ज सात टक्क्यांनी, खजिन्यात इंग्रज सल्लागार, फौजेत इंग्रज अधिकारी. या सहीसाठी पंतप्रधान आणि त्यांचे दोन मंत्री यांना गुपचूप सुमारे १,३१,००० पौंड दिले गेले. मग काय झालं? देशभर गदारोळ उठला, संसदेने त्याला कधी मान्यता दिलीच नाही, आणि १९२१ मध्ये नव्या सरकारने तो रद्द जाहीर केला. त्याआधी १८९० साली शहाने तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला दिला होता, तेव्हा मिर्झा शिराझींच्या फतव्यावर लोकांनी हुक्के बंद केले आणि १८९२ च्या सुरुवातीला शहाला मक्ता मागे घ्यावा लागला. म्हणजे तुम्ही ज्या सह्यांचा दाखला दिलात, त्यातल्या मोठमोठ्या सह्या इराणी लोकांनीच पुसून टाकल्या. हे बोलणं तुमच्याकडून चुकलं. नकळत चुकलं, पण चुकलं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. १९५१ मध्ये इराणने तेलधंदा राष्ट्राच्या मालकीचा केला तेव्हा ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. न्यायालयाला या खटल्यात अधिकार आहे हे दाखवायला ब्रिटनच्या वकिलांनी जे जुने कागद पुढे केले, त्यात १८५७ चा पॅरिसचा तह होता. त्याच्या नवव्या कलमात ‘सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राला मिळेल तशीच वागणूक’ असं वचन होतं, त्याच्या आधारे. ज्या लढाईनंतर तो तह झाला, तिचं पदक तुमच्या हॉलमध्ये आहे. २२ जुलै १९५२ ला निकाल लागला, नऊ विरुद्ध पाच: आम्हाला अधिकार नाही. १९३३ चा तेलाचा करार हा सरकार आणि एक कंपनी यांच्यातला व्यवहार आहे, दोन राष्ट्रांमधला तह नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. नऊ जणांत ब्रिटनचेच न्यायाधीश मॅक्‌नेअर होते. इराणी माणसाला हा निकाल ठाऊक असतो. त्यात आपल्या पदकाचा धागा आहे, हे मात्र दोघांनाही नवीन असेल. बोलणं पुन्हा सुरू करायला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

मग माफी मागायची का? खापरपणजोबांच्या वतीने मागू नका. त्यांना कुणी विचारून जहाजावर चढवलं नव्हतं, आणि त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हालाही नाही. पण ‘सह्या तुमच्याच शहांनी केल्या’ हे तुमचं स्वतःचं वाक्य आहे. त्याची माफी मागा, साध्या शब्दांत. “त्या दिवशी मी सह्यांबद्दल बोललो ते मला पुरतं माहीत नसताना बोललो. नंतर वाचलं. माझं चुकलं.” एवढंच. त्याच्या मागे ‘पण’ लावू नका. तो चुकला हे त्याच बैठकीत सांगायची घाई करू नका. मग विचारा, “तुमच्याकडे बुशेहरला या लढाईबद्दल काय सांगतात?” आणि ऐका. ऐकताना ‘पोटासाठी’ हा शब्द तोंडातून काढू नका. वडील म्हणतात ते खरं आहे, घरातल्या माणसांसाठी ते पुरेसं आहे, पण ज्याच्या गावावर तोफा चालल्या त्याला ते उत्तर वाटत नाही.

हे बोलणं ऑफिसच्या ग्रुपवर नको, घरीही लगेच नको. डबा खाताना, दोघंच. आजच्या राजकारणाची बातमी मध्ये आली तर ती बाजूला ठेवा. परक्या मुलुखात नोकरी करणाऱ्या दोघांचंही त्यात हित आहे.

जमलं तर पॅरिसच्या तहाचा मजकूर दोघं मिळून वाचा. तो इंग्रजी आणि फारसी दोन्हींत आहे, तो फारसी वाचेल, तुम्ही इंग्रजी. इंग्रजी मजकूर हिंदुस्थान सरकारसाठी एचिसनने छापलेल्या तहांच्या संग्रहात मिळतो. आखातातल्या इंग्रज कचेऱ्यांचे हजारो कागद कतार डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, त्यात बुशेहरच्या रेसिडेन्सीचं, म्हणजे तिथल्या इंग्रज कचेरीचं, दप्तरही आहे. सुट्टीत मुंबईला आलात तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारचं जुनं दप्तर तिथेच. अर्ज आणि ओळखपत्र लागतं, आणि दोन-चार दिवस हाताशी ठेवावे लागतात.

हे शेवटचं मी इतर वाचकांसाठीही लिहिते आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी अशी पदकं आहेत: ब्रह्मदेश, चीन, हबशाण (आजचा इथिओपिया), मेसोपोटेमिया (आजचा इराक). पट्टीवरचं नाव वाचून अभिमान बाळगण्याआधी किंवा लाज वाटून घेण्याआधी ती लढाई कोणत्या कागदावर संपली तो शोधा. कोणी सही केली, कोणाला विचारलं नाही, काय ठरलं आणि पुढे काय पाळलं. मला स्वतःला हा शोध शाळेतल्या इतिहासापेक्षा जास्त शिकवून गेला.

पदक भिंतीवरून काढू नका. कपाटात ठेवलं तर मुलीला वाटेल की त्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे. खाली एक छोटी पाटी लावा: नाव, पलटण, वर्ष, ‘बुशेहरची लढाई’. पाटी मुलीला लिहू द्या. तिने विचारलंय, आपण वाईट बाजूला होतो का. तिला हो किंवा नाही यातलं काही सांगू नका. नकाशा काढून मस्कत, बुशेहर, हेरात आणि पॅरिस दाखवा आणि ४ मार्च व २६ मार्च या दोन तारखा सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला एवढ्यातून पुष्कळ कळतं.

आणि भिंग घेऊन ती कड वाचा. विसाव्या पलटणीचा नंबर निघाला तर रेशहरच्या कोटावर ते होते असं धरून पुढचा शोध घ्यायला हरकत नाही. दुसरा नंबर असेल तर मला कळवा, कुठले कागद बघायचे ते सांगते.